वीट न होणारी माती

सास्तूरहून लोहाऱ्याकडे निघालं, की ओढ्याच्या पुलापलीकडे डाव्या हाताला वीस-बावीस गुंठ्यांचं एक आवार लागतं. आजूबाजूची माणसं त्याला अजून भट्टीच म्हणतात. "वांगी भट्टीवरनं आण," असं एखादी सासू सुनेला सांगते, आणि सून नवी असली तर बिचारी बुचकळ्यात पडते. भट्टी आता तिथं नाही. वांगी, दोडका, शेपू, शेवंती, मोगरा, दोन बेलाची झाडं, आणि त्यांच्यात कुठंतरी वाकून काहीबाही करत असलेले शरणबसप्पा, असं ते ठिकाण आहे.

या शरणबसप्पांनी त्याच जागी बावीस वर्षं विटा भाजल्या.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं जुन्या गावातलं घर आणि वडलांचं किराणा दुकान, दोन्ही गेलं. माणसं वाचली. शरणबसप्पा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. पुढची काही वर्षं साऱ्या मुलखात घरं उठत होती. दुकानदारी पुन्हा मांडण्यात त्यांचं मन लागेना, म्हणून ते सोलापूरकडून आलेल्या एका वीटवाल्याच्या हाताखाली वर्ष-दीड वर्ष राहिले आणि मग ओढ्याकाठी स्वतःची भट्टी लावली. वाण्याच्या पोरानं चिखलात हात घातला म्हणून लोक हसले. पण दोन हंगामांत हसणारेच विटा न्यायला येऊ लागले.

शरणबसप्पांच्या बोटांत काहीतरी होतं खरं. चिमूटभर माती दोन बोटांत चोळली, जिभेच्या टोकाला लावली, की ती वीट धरेल की फुटेल ते सांगायचे. त्यांना हवी असे चिकण, एकजीव, स्वच्छ माती. ती आसपासच्या रानांतून मिळायची. ज्यांना आपलं उंचवट्याचं रान खाली आणून हवं असे, विहिरीचं पाणी आपसूक पोहोचावं म्हणून, ते वरची हातभर माती उचलायला सांगत. यांना माती मिळे, त्यांचं रान सपाट होई. दोघंही खूश.

त्या मातीत काही नको असलेल्या गोष्टीही येत. गवताच्या मुळ्या, धसकटं, शेणाचे गोळे, गांडुळं, किडे. विटेच्या पोटात असलं काही राहिलं, की भट्टीत ते जळून जातं, आत पोकळी राहते आणि वीट तडकते. म्हणून गारा, म्हणजे विटांचा चिखल, मळण्याआधी ढिगावर बसून हे सगळं वेचून काढायला एक माणूस कायम लागे. पहिली काही वर्षं कुणी ना कुणी ते केलं. पुढं बारा वर्षं, भट्टी बंद होईपर्यंत, ते काम धुरपदाबाईंनी केलं. ओढ्यापलीकडच्या बब्रुवानची ही बायको. बोलणं कमी, हात झरझर. टोपलं भरलं, की मागच्या काटेरी कुपापलीकडे नेऊन रिकामं करायचं आणि पुन्हा येऊन बसायचं. शरणबसप्पांनी त्या बारा वर्षांत कुपापलीकडे कधी डोकावलं नाही. तिकडं डोकवायचं कारणच काय होतं?

दोन हजार सतरा साली भट्टी थांबली. सिमेंटचे ब्लॉक आले होते, विटांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, हे एक झालं. पण खरं कारण रुद्रम्मांचा खोकला. बायकोला पायरी चढता-उतरता दम लागायला लागला, तेव्हा लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी शरणबसप्पांनाच विचारलं, "तुमचं घर भट्टीच्या कुठल्या बाजूला आहे?" घर वाऱ्याच्या बाजूला होतं. घरी येऊन त्यांनी दुसऱ्या दिवशी शेवटची भट्टी उतरवली आणि पुन्हा लावली नाही.

चिमणी पाडली, राख हलवली. मग एके सकाळी रुद्रम्मा त्या उघड्या आवारात उभ्या राहून म्हणाल्या, "हितं फुलं लावूया की."

रुद्रम्मांचं माहेर आळंदकडचं. घरी कानडी बोलत मोठ्या झालेल्या. माहेरच्या परड्यात मोगऱ्याचे वेल होते, आणि पूजेला फूल विकत आणणं ही गोष्ट त्यांना लग्नानंतरच कळली होती. एवढी वर्षं त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. धुरात कुठलं फूल मागायचं?

शरणबसप्पांना वाटलं, एवढंच ना. बावीस वर्षं मातीत काढलेला माणूस मी, मला काय अवघड आहे? त्यांनी विटांचे तुकडे वरवर गोळा केले, पहारीनं आळी खणली, मोगरा, झेंडू, वांगी, मिरची आणून लावली. दुकानातून खताच्या पिशव्या आणल्या आणि मापानं, प्रत्येक आळ्यात सारखी मूठ, असं खत घातलं. पाणी दोन वेळा.

आठ दिवस रोपं टवटवीत दिसली. मग कडा करपल्या. मिरचीची पानं आखडली, वांगी पिवळी पडली. शरणबसप्पांनी आणखी खत घातलं. मोगरा महिनाभरात वाळून काडी झाला. पाणी घातलं की वर पांढरी पापडी धरायची आणि ऊन पडलं की जमीन अशी घट्ट व्हायची, की पहार मारली तर खण्णकन वाजायची.

रुद्रम्मांनी वाळलेला मोगरा उपटून हातात धरला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "मण्णु सत्त होग्याद." माती मेलीय.

"माती कशी मरंल?" शरणबसप्पा म्हणाले. "माती काय जित्राब हाय व्हय?"

पण मनातून ते खजील झाले होते. त्यांनी त्यातली शेरभर माती पिशवीत घालून लोहाऱ्याला तपासायला दिली. पंधरा दिवसांनी ते कागद आणायला गेले. माती तपासणारी मुलगी, निकिता नावाची, तिनं कागदावरचा एक आकडा पेन्सिलीनं गोल केला.

"काका, इथं काय होतं आधी?"

"वीटभट्टी."

"तरीच. सेंद्रिय कर्ब जवळपास नाहीच. राखेनं माती खारवलीय, वर तुम्ही खत घातलंय."

"खत घातलं ते चुकलं का?"

"खत मुळाशी धरून ठेवायला मातीत काही कुजलेलं लागतं. आणि ते कुजवायला जीव लागतात. डोळ्यांना न दिसणारे, दिसणारे, सगळे. ते अन्न खातात, फोडतात, मग त्यातलं झाडाला मिळतं. तुमच्या मातीत तसं कुणी उरलेलं नाही. खत पाण्याबरोबर खाली जातं, नाहीतर मुळं भाजतं."

"मग हे जीव कुठनं आणायचे?"

निकिता हसली. म्हणाली, "शेणखतापासून सुरुवात करा. वेळ लागेल."

शरणबसप्पा जीपमध्ये बसून परत आले. वाटेत दोन्ही बाजूंच्या रानांकडे बघत होते आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याला मातीतलं फक्त निम्मं कळतं.

त्याच आठवड्यात धुरपदाबाई रुद्रम्मांच्या खोकल्याची चौकशी करायला आल्या. येताना पदरात चार दोडकी. हातभर लांब, गर्द हिरवी, शिरा अशा उठलेल्या की बघत राहावं. रुद्रम्मांनी दुसऱ्या दिवशी त्याची भाजी केली आणि सालांची चटणी. शरणबसप्पांनी तिसरी भाकरी मागून घेतली. नंतर धुरपदाबाई रस्त्यानं जाताना दिसल्या तशी त्यांनी हाक मारली.

"धुरपदाबाई, दोडकी कुठली व्हती?"

"हितलीच की."

"हितली म्हंजी?"

"भट्टीच्या मागली. कुपाच्या त्या अंगाला."

शरणबसप्पा तसेच उठले. मोगरा वाळला होता त्या आळ्यापासून चाळीस पावलांवर, बाभळीच्या काट्यांचं कूप ओलांडून ते पलीकडे गेले आणि उभेच राहिले. दोडक्याचा वेल कुपावर चढून कडुनिंबाला भिडला होता. खाली भोपळा पसरलेला, अंबाडी छातीला लागेल एवढी, मधूनच तुरीची झाडं. कुणी आळी केली नव्हती, वाफे ओढले नव्हते.

"हे कवापासनं?" त्यांनी मागून आलेल्या धुरपदाबाईंना विचारलं.

"लई वर्सं झाली," धुरपदाबाई संकोचून म्हणाल्या. "टोपली हितं वतायचे. एकदा भोपळा आपसूक उगवला. मग म्या बी टोचाय लागले. तुमाला इचारलं न्हाय, आप्पा."

शरणबसप्पा गुडघ्यावर बसले. पाचोळा बाजूला केला आणि हात टेकला, तर तो मनगटापर्यंत आत गेला. माती गार होती, काळीभोर, चुरमुरीत. पाचोळ्याखाली कापसाच्या तंतूसारखी पांढरी बुरशी पसरली होती. मूठभर उचलली तर तीत दोन गांडुळं वळवळली, मुंग्या पांगल्या. चहापत्तीसारखा रवाळ चुरा बोटांना लागला. त्यांनी सवयीनं माती दोन बोटांत चोळली. ती चिकटली नाही. भट्टीवर असती तर ही माती त्यांनी पहिल्या नजरेत नाकारली असती. नव्हे, बारा वर्षं टोपल्या भरभरून नाकारलीच होती.

मग त्यांच्यातला भट्टीवाला जागा झाला. "उद्या ट्रॅक्टर सांगतो," ते म्हणाले. "दोन खेपांत हे सगळं उचलून फुडं पसरू."

"तुमचं असंच, आप्पा," धुरपदाबाई शांतपणे म्हणाल्या. "माती दिसली की उचलायची."

शरणबसप्पा वर बघू लागले. बारा वर्षांत या बाईनं त्यांना एवढं रोखठोक कधी ऐकवलं नव्हतं.

"तिकडं नेऊन उनात पसरली तर चार दिसांत वाळून मरंल. तिकडं तिला खायाला काय हाय? राख? दूधच न्हाय आन् विरजण घालून काय व्हतंय?"

"मग?"

"आदी दूध करा. पाला घाला, शेण घाला, मळणीची गुळी घाला. वल ठिवा. मग ह्यातलं टोपलंभर न्या, जागोजाग मूठ-मूठ लावा. आन् वरनं उघडं ठिवू नका. आपल्याला पांघरूण लागतं तसं तिलाबी लागतं."

अशा रीतीनं वयाच्या चौपन्नाव्या वर्षी शरणबसप्पा नव्या कामाला लागले, आणि या वेळी सांगणाऱ्या धुरपदाबाई होत्या.

पहिले दोन महिने नुसती चाळणी. नवरा-बायको सकाळी उन्हाच्या आत जमिनीतले विटांचे तुकडे आणि भाजलेले ढेपळे चाळून बाजूला काढत. जिथं राखेचा थर जाड होता तिथला तो खरवडून रस्त्याच्या खड्ड्यांत टाकला. मग सोयाबीनच्या मळण्या झाल्या. लोक उरलेली गुळी, म्हणजे भुसा-काड्या, बांधावर पेटवून देतात. शरणबसप्पा बैलगाडी घेऊन रानोरान हिंडले आणि ती मागून आणली. गावातल्या गोठ्यांतलं शेण, कडुनिंबाचा पाला, रसवंतीवरची उसाची चिपाडं, लग्नाच्या मांडवातले वाळके हार, काही सोडलं नाही. जमिनीवर वीतभर थर घातला, शेणकाल्यानं भिजवला. महिनाभरानं तो कोमट लागायला लागला, तेव्हा धुरपदाबाईंनी कुपामागची दोन टोपली माती आणली आणि विरजण लावावं तशी इथं मूठ, तिथं मूठ पाचोळ्याखाली सारली.

"आता?" शरणबसप्पांनी विचारलं.

"आता गप बसा."

हेच त्यांना जड गेलं. गारा म्हणजे मळायचा, तुडवायचा, उलटापालटा करायचा, त्याशिवाय त्यांना माती माहीत नव्हती. एकदा न राहवून त्यांनी कुदळीनं एक कोपरा उकरून पाहिला. धुरपदाबाईंनी कुदळ उचलली आणि रुद्रम्मांच्या हवाली केली. रुद्रम्मांनी ती पलंगाखाली ढकलली. चार महिने ती तिथंच होती.

पहिल्यांदा चवळी लावली. वेल मध्यम आले, शेंगा बेताच्या. शरणबसप्पा हिरमुसले. तेवढ्यात निकिता दुसऱ्या कुणाच्या रानात माती घ्यायला आली होती, ती डोकावली. तिनं चवळीचं एक रोप ओल्या जमिनीतून अलगद उपटलं आणि मुळं पाण्यात विसळली. मुळांना बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या.

"कीड लागली काय?" शरणबसप्पांनी विचारलं.

निकितानं नखानं एक गाठ फोडून दाखवली. आत फिकट लालसर रंग होता. "ही कीड नाही, काका. या गाठींत जे जीव राहतात ते हवेतलं नत्र धरून चवळीला देतात. चवळी त्यांना तिच्यातली साखर देते. आत लाली आहे, म्हणजे त्यांचं काम चाललंय. तुमच्या मातीत कुणीतरी राहायला आलंय."

त्या दिवशी शरणबसप्पांनी ती विसळलेली मुळं देवळीत आणून ठेवली. रुद्रम्मांनी दोन दिवस ती तिथं राहू दिली.

बाग कितपत सुधारली हे बघायची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. जुन्या साच्यांतला एक लाकडी साचा त्यांनी ठेवून दिला होता. दर वर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास बागेतली माती भिजवून मळायची, साच्यात थापायची आणि वाळवून बघायची. पहिल्या वर्षीची वीट टणक झाली, कडा धारदार, थेट भट्टीत घालावी अशी. दुसऱ्या वर्षीची वाळताना तीन ठिकाणी तडकली. तिसऱ्या वर्षी साचा उचलला, तर माती विटेच्या आकारात क्षणभर उभी राहिली आणि मग हळूच ढासळली. रवाळ, मोकळी, मुळ्यांच्या तुकड्यांनी भरलेली. शरणबसप्पा त्या ढिगाकडे बघत मोठ्यानं हसले. आतून रुद्रम्मा बाहेर आल्या.

"काय झालं?"

"वीट फुटली," ते म्हणाले.

"आन् हसताय?"

त्या वर्षी मोगरा फुलला. आधी सात कळ्या, मग ओंजळभर, मग रुद्रम्मांना शेजारी वाटण्याइतका. पूजेला बसताना त्या ताटलीत फुलं काढून घेत आणि दोन केसांत माळत. खोकला पुरता गेला नव्हता, पण दम कमी लागायचा.

एके दुपारी तिघं कडुनिंबाखाली शेंगा सोलत बसले होते. शरणबसप्पांनी सहज विचारलं, "धुरपदाबाई, हे सगळं तुमी कुठं शिकलाव? माहेरी बाग व्हती का?"

"न्हाय. रान गेल्यावर शिकले."

"कुठलं रान?"

धुरपदाबाईंनी हातातली शेंग सोलून संपवली. "ओढ्याकडचं. आमचं एक एकर. तुमी माती नेली ते."

शरणबसप्पांना आठवलं. दोन हजार तीन साल असावं. बब्रुवानला विहिरीचं पाणी खालच्या अंगाला न्यायचं होतं आणि रानाला उंचवटा होता. हातभर माती उचलली की पाणी उतरेल, असं ठरलं. माती नामी निघाली होती. उचलताना बब्रुवाननं एकदा विचारलंही होतं, वरची माती गेल्यावर पीक येईल ना? आणि आपण हसून म्हणालो होतो, "वरबी मातीच, खालीबी मातीच. तिला काय ठावं, ती वर हाय का खाली?"

"मग? पाणी उतरलं न्हाय का?"

"पाणी उतरलं की. पीकच आलं न्हाय. ज्वारी गुडघ्याएवढी, कणसं अंगठ्याएवढी. दोन वर्सं बघितलं. मग म्या भट्टीवर कामाला आले."

रुद्रम्मांनी सूप जरा पुढं सरकवलं.

"बारा वर्सांत कदी बोलला न्हाईत," शरणबसप्पा म्हणाले.

"बोलून काय माती चालत येणार व्हती?" धुरपदाबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. पावसा-पाण्याबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या. "ढिगावर बसले की मुळ्या हाताला लागायच्या. कुणाच्या तरी रानातल्याच की त्या. फेकवत नव्हत्या. म्हणून एका जागी टाकायचे."

बब्रुवान कित्येक वर्षं आपल्याकडे येत नाही, वाटेत दिसला तर मान वळवतो, हे शरणबसप्पांना माहीत होतं. बैलगाडीच्या वाटेवरून काहीतरी झालं असेल, असं त्यांनी धरून टाकलं होतं. त्या रात्री त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली. सकाळी उठून ते ओढ्यापलीकडे गेले.

बब्रुवान ओट्यावर बसून केकताडाची दोरी वळत होते. शरणबसप्पांना बघून त्यांनी मान वळवली नाही. बसा असंही म्हणाले नाहीत. शरणबसप्पा आपणच बसले.

"बब्रुवानदादा, रानाचं बोलाय आलोय. ओढ्याकडच्या."

"ते रान न्हाय. खड्डा हाय."

"मला कळलं नव्हतं, दादा. खरंच कळलं नव्हतं. आता बाग केल्यावर कळलं."

बब्रुवाननी दोरीला दोन पीळ दिले. "मला तरी कुठं कळलं व्हतं? तुमी इचारलंत, आन् व्हय म्हणणारा म्याच. घरात बायको नको म्हणत व्हती." मग दोरीकडेच बघत म्हणाले, "तुमच्यावर राग धरला की सोतावर जरा कमी धरावा लागतोय. तसं चाललं व्हतं."

"माती आणून टाकतो. लागतील तितक्या खेपा."

"कुठनं आणता?"

शरणबसप्पांची नजर आजूबाजूच्या रानांकडे गेली.

"कुणाच्या तरी रानातनंच आणणार न्हवं?" बब्रुवान म्हणाले. "मंग तो कुणाच्या दारात जाऊन बसंल?"

तळ्यातला गाळ आणावा असं शरणबसप्पांनी बागेत परतल्यावर सुचवलं. धुरपदाबाई म्हणाल्या, थोडा चालेल, पण नुसता गाळ म्हणजे पुन्हा विटेचीच माती. भट्टीच्या जागी केलं तेच करायचं. फरक एवढाच, की तिथं वीस गुंठे होते आणि इथं एकर.

मग ते सुरू झालं. शरणबसप्पांनी रान पहिल्यांदाच नीट फिरून पाहिलं. वरची काळी माती गेल्यावर उरलेली ती पिवळट चोपण, पावसात साबणासारखी आणि उन्हात दगड. कडेनं शेजाऱ्यांची रानं हातभर उंच, मधोमध हे खोलगट. पहिल्या पावसाळ्यात ताग पेरला आणि फुलावर यायच्या आत कापून तिथंच गाडला. ताग सगळीकडे सारखा आला नाही. जिथं आला तिथं गुळी आणि शेण घातलं, आणि बागेतल्या मातीचं विरजण लावलं. उताराला आडवे छोटे बांध घालून पाणी एका जागी साचणार नाही असं केलं. शरणबसप्पा रोज सकाळी सातला जात. धुरपदाबाई सांगत, आज हे टोपलं तिकडं, आज तो पाला इकडं, आणि ते करत. येणारे-जाणारे थांबून बघत. एकानं विचारलंच, "आप्पा, मजुरीला लागलाव व्हय?" ते म्हणाले, "व्हय, आता लागलोय."

बब्रुवान पहिलं वर्ष बांधावर बसून दोरी वळत राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी न सांगता बैल जुंपले आणि गुळीच्या खेपा टाकायला लागले. दोघांत बोलणं फारसं होत नसे. पण घागर एक असे, आणि पाणी पिऊन झालं की बब्रुवान ती शरणबसप्पांच्या बाजूला सरकवून ठेवत.

तिसऱ्या वर्षी वरच्या अंगाची ज्वारी कमरेला लागली. चौथ्या वर्षी माणूस आत उभा राहिला तर दिसेना. खालचा, दक्षिणेकडचा कोपरा मात्र तसाच होता. तिथं ताग दोनदा मेला, हरभरा मेला. पाणी मुरत नाही, भेगा पडतात. अजून पडतात. सगळं परत आलं असं काही झालं नाही. शरणबसप्पा तसं कुणाला सांगतही नाहीत.

गेल्या मार्गशीर्षात बब्रुवान स्वतः चालत भट्टीवर आले. बागेच्या तोंडाशी उभे राहिले आणि म्हणाले, "परवा येळवस. रानात या. वहिनींना घेऊन या."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी इकडची गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तीत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. शरणबसप्पांना आमंत्रणं ढीगभर असत. या रानातलं हे पहिलंच.

रुद्रम्मा पुलाच्या कठड्यावर एकदा टेकल्या, तेवढंच; बाकी वाट सरळ चालल्या. कोपीला ज्वारीचाच कडबा होता, याच रानातला. धुरपदाबाईंनी डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या भाकरी मांडल्या होत्या. आंबिलाचा माठ पाल्यात ठेवला होता. पूजा झाली. बब्रुवान तांब्यात आंबील घेऊन रानाभोवती फिरायला निघाले, चार पावलांवर ज्वारीच्या बुडाशी थोडं-थोडं शिंपडत. शरणबसप्पा मागून चालले.

दक्षिणेच्या कोपऱ्याशी आल्यावर बब्रुवान थांबले. तिथं उघड्या पिवळ्या मातीत बोटभर भेगा होत्या. त्यांनी तांब्या शरणबसप्पांच्या हातात दिला.

"ह्या कोपऱ्याला तुमी घाला."

शरणबसप्पा खाली बसले. आंबील भेगेत ओतलं. ते वर तरंगलं, मग सावकाश आत गेलं.

"औंदा हितं चवळी टोचून बघू," बब्रुवान म्हणाले.

"आन् वरनं जाड पांघरूण."

"व्हय. गुळी हाय शिल्लक."

कोपीकडून धुरपदाबाईंनी हाक मारली, भज्जी गार व्हायलीय. रुद्रम्मा पंक्तीला बसल्या होत्या आणि उंडा मोडून पाहत विचारत होत्या, यात लसूण जास्त घातलाय का कसं. दोघं म्हातारे गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि ज्वारीच्या कडेकडेनं जेवायला गेले.